देवळातल्या घंटेवर क्रॉस आणि १७… साल: वसईची असेल का, आणि जपायची कशी?

घाटावरचा:
गावच्या महादेवापुढच्या दगडी कमानीत मोठी ओतीव घंटा टांगलेली आहे. बाहेरून पायऱ्यांवर उभा असलेला क्रॉस दिसतो, खांद्याजवळ रोमन अक्षरांची एक ओळ आहे आणि तिच्या शेवटी साल. १ आणि ७ स्पष्ट आहेत, पुढचे दोन आकडे चंदेरी ऑइलपेंटखाली बुजले आहेत. सगळे तिला "चिमाजीअप्पांनी वसईहून आणलेली" म्हणतात. मापे: तोंडाचा व्यास ८४ सेंमी, काठाजवळ सर्वात जाड जागी साधारण साडेसहा सेंमी. मूळ लोलक गेला आहे. त्या जागी लोखंडी सळईला वेल्डिंगने जोडलेला गोळा आहे, तो नेहमी एकाच जागी आपटतो आणि तिथे खळगा पडला आहे. ट्रस्टचा बेत असा: रंग काढून घंटा पितांबरीने लखलखीत करायची आणि जड लोलक बसवायचा, म्हणजे आवाज लांब जाईल.
१) घंटा वसईचीच आहे हे कशावरून ठरवायचे? २) पंचधातूची असेल का? ३) यातले काय करावे, काय करू नये?

जुनी_अक्षरे:
पहिल्या प्रश्नापुरते लिहितो, धातूचे जाणकार पुढे लिहितीलच.

"वसईची घंटा" हा शब्द आपल्याकडे फार सैल वापरला जातो. वसईचा किल्ला मे १७३९ मध्ये पडला, पण मोहीम त्याआधी दोन वर्षे चालू होती. ठाणे आणि साष्टी १७३७ मध्येच मराठ्यांकडे आली होती. या सगळ्या पट्ट्यात पोर्तुगिजांची चर्चे आणि मठ होते. एकट्या वसईच्या कोटात जेझुइट, फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, ऑगस्टिनियन अशा संघांच्या इमारती होत्या आणि त्याखेरीज सेंट जोसेफचे मुख्य चर्च. तेव्हा घंटा मोहिमेतली असली तरी ती कोटातलीच असेल असे नाही.

ताडून पाहायला ज्ञात घंटा आहेत. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणविसांच्या वाड्यामागच्या घाटावर जी आहे तिच्यावर १७०७ साल आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची उठावाची आकृती आहे. वजन ६५० किलो सांगतात. नाशिकला गोदाकाठच्या नारोशंकराच्या देवळावर १७२१ सालची आहे. भीमाशंकरची आणि पालीच्या बल्लाळेश्वराची घंटाही याच मोहिमेतली मानली जाते. एक लक्षात घ्या, देऊळ आणि घंटा यांचे साल जुळायची गरज नाही. नारोशंकराचे देऊळ १७४७ चे, म्हणजे घंटेपेक्षा सव्वीस वर्षांनी लहान.

तुमच्या घंटेवर १७३९ च्या आतले साल निघाले तर मोहिमेची शक्यता उभी राहते. १७३९ नंतरचे निघाले तर ती कथा तिथेच संपते, आणि मग गोव्याकडून किंवा नंतरच्या व्यापारातून आली असेल का, असा शोध घ्यावा लागतो. क्रॉस दिसला की वसई, हे समीकरण सोडून द्या. गोव्यातही घंटा ओतल्या जात. जुन्या गोव्याच्या सी कॅथेड्रलची प्रसिद्ध "सोन्याची घंटा" १६५२ मध्ये कुंकळ्ळीला ओतली गेली.

वाचन असे करा. रात्री किंवा अंधाऱ्या वेळी टॉर्च घंटेच्या अंगाला जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश टाका. रंगाखालचा उठाव सावलीने वर येतो. तोच फोटो चारही बाजूंनी प्रकाश टाकून चार वेळा काढा. मग पातळ कागद चिकटपट्टीने ताणून बसवा आणि मऊ पेन्सिल आडवी धरून ठसा घ्या. अक्षरांमध्ये U च्या जागी V असतो, शब्द मध्येच तोडलेले असतात, आणि "ओरा प्रो नोबिस" (आमच्यासाठी प्रार्थना कर) किंवा येशूच्या नावाची तीन अक्षरी मुद्रा सापडण्याचा संभव जास्त. एखाद्या संताचे नाव निघाले तर सोने. त्या संताच्या नावाचे चर्च त्या पट्ट्यात कुठे होते हे शोधता येते. ओळ कुठून सुरू होते ते कळत नसेल तर छोटा क्रॉस शोधा, बहुधा तिथूनच वाचायचे असते.

कासारआळी:
दुसरा आणि तिसरा प्रश्न घेतो. थोडे लांबेल.

पंचधातू. घंटेचा धातू म्हणजे कासे. साधारण ७८ भाग तांबे आणि २२ भाग कथील, तेच कल्हईचे कथील. जुन्या ओतकामात थोडे शिसे, जस्त सापडते, ते बहुधा भट्टीत गेलेल्या जुन्या मोडीतून येते. सोने-चांदी घातल्याने आवाज गोड होतो ही समजूत जगभर आहे, पण तसे होत नाही. गोव्याच्या घंटेचे "सोन्याची" हे नावही तिच्या आवाजाचे आहे. आवाज येतो कथिलामुळे, आणि ठिसूळपणाही त्यामुळेच. काशाची वाटी फरशीवर पडली की चेपत नाही, तडकते. घंटा तीच वाटी आहे, फक्त जाड. तोफेच्या धातूत कथील दहा टक्क्यांच्या आसपास असते, म्हणून तोफ धक्का सोसते आणि घंटा सोसत नाही. हे एकदा डोक्यात बसले की खालचे बरेचसे आपोआप कळते.

वजन. व्यास मीटरमध्ये घ्या, त्याचा घन करा, ६०० ने गुणा. तुमची: ०.८४ चा घन ०.५९, म्हणजे सुमारे ३५५ किलो. जाड बांधणीची घंटा असेल तर ६०० ऐवजी ७०० धरा, म्हणजे ४१५ किलोपर्यंत. काठाची जाडी व्यासाच्या तेराव्या भागाच्या आसपास असते. तुमची साडेसहा सेंमी बरोबर तिथेच बसते, म्हणजे मापे नीट घेतली आहेत. याच हिशोबाने मेणवलीचे ६५० किलो सुमारे एक मीटर व्यासाला जुळतात. नारोशंकराच्या घंटेचा व्यास सहा फूट असे सगळीकडे छापून येते. सहा फूट व्यास म्हणजे पावणेचार टन, मेणवलीच्या जवळजवळ सहापट. टेप लावल्याशिवाय तो आकडा पुढे सरकवू नये.

पितांबरी नको. चिंच, लिंबू-मीठ, ताक, कुठलीही पावडर, काही नको. घंटेवरचा तपकिरी-हिरवट राप म्हणजे मळ नव्हे. तो धातूवर बसलेला घट्ट थर आहे आणि खालचा धातू त्याच्यामुळे टिकतो. आंबट पदार्थाने तो थर जातो. मिठातला क्लोराइड अक्षरांच्या खाचांत उरला तर आणखी वाईट. तांब्याशी त्याचा क्षार होतो, हवेतल्या ओलाव्याने त्यातून पुन्हा आम्ल सुटते आणि ते पुढचा धातू खाते. आपण डब्यात "कळकलं" म्हणतो त्याचा हा दीर्घ आजार. ओळखायचे असे: गडद हिरवा, घट्ट, नखाने न निघणारा थर चालेल. फिका, पोपटी, पिठासारखा, बोटाला लागणारा ठिपका दिसला तर आजार आहे. तिथे पाणीही लावू नका, कोरड्या ब्रशने पूड काढा, फोटो घ्या आणि धातू-संवर्धकाला दाखवा.

रोजच्या सफाईला मऊ केसांचा कोरडा ब्रश पुरे. कबुतरांची घाण असेल तर शुद्ध पाण्यात (बॅटरीत घालतात ते) भिजवलेल्या सुती फडक्याने पुसा आणि लगेच कोरडे करा. हळद-कुंकू, तेल, शेंदूर घंटेच्या अंगाला लावणे बंद करा. नारळ तिच्या काठावर फोडत असतील तर ते आजच बंद करा.

ऑइलपेंट. सगळा एकदम काढायची घाई नको. सॅंडपेपर, तारेचा ब्रश, ब्लोलॅम्प, वाळूचा मारा यांपैकी काहीही लावले तर अक्षरांच्या कडा कायमच्या जातात. दोन बोटांएवढ्या जागी, शक्यतो आतल्या बाजूला, रंग-उतरवणीचा जेल लावून चाचणी घ्या. दहा मिनिटांनी लाकडी पट्टीने उचला, मग स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. राप जागेवर राहिला तर सालाच्या आकड्यांपुरते तेवढेच करा. उरलेला रंग संवर्धक येईपर्यंत राहू द्या. रंगाने आवाज किंचित दबतो, पण घंटा मरत नाही.

लोलक. जड लोलक हा सर्वात वाईट बेत आहे. लोलकाचे वजन घंटेच्या तीन-चार टक्के असावे, तुमच्या घंटेला अकरा ते पंधरा किलो, गोळा आणि दांडा मिळून. कोलोनच्या कॅथेड्रलची सेंट पीटरची घंटा १९२३ ची, २४ टनांची. जानेवारी २०११ मध्ये तिचा ८०० किलोचा लोलक तुटून पडला तेव्हा नवा बसवला तो ६०० किलोचा, आणि ती हलक्या लोलकानेच वाजते. जास्त वजनाने आवाज लांब जात नाही, फक्त आघात वाढतो.

लोलकाचा धातू घंटेपेक्षा मऊ हवा. झिजायचेच असेल तर लोलकाने झिजावे. मऊ घडीव लोखंड उत्तम. वेल्डिंगचा गोळा बहुधा कडक झालेला असतो, आणि वेल्डच्या ठिपक्यांनी त्याला कोपरे आलेले असतात. खळगा त्यानेच पडतो. गोळ्याचा मध्य काठाच्या सर्वात जाड पट्ट्यावर लागला पाहिजे. वर लागला तर पातळ भागावर ताण येतो, खाली लागला तर ओठाचा टवका उडतो.

खळगा मोजा. सरळ पट्टी काठाच्या उंचीला धरून खळग्याची खोली बघा. जाडीच्या दहाव्या भागापर्यंत, म्हणजे तुमच्याकडे सहा-साडेसहा मिमीपर्यंत आली असेल तर घंटा पाव फेरा फिरवून टांगायची, म्हणजे आघाताची जागा बदलते. खळगा वेल्डने भरायचा नाही.

साष्टीवाला:
@कासारआळी, पाव फेऱ्याबद्दल एक भर हवी. जुन्या घंटांमध्ये लोलकाची कडी लोखंडाची असते आणि ती ओततानाच डोक्यात पुरलेली असते. घंटा फिरवली तर लोलकाची झुलायची दिशाही तिच्याबरोबरच फिरते, कारण कडी घंटेतच आहे. मग आघात पुन्हा त्याच खळग्यात. कडी वेगळी केल्याशिवाय फिरवण्याचा उपयोग नाही.

आणि खरी भीती त्या कडीचीच आहे. लोखंड गंजले की फुगते. कोकणातल्या खाऱ्या हवेत आणि घाटमाथ्याच्या पावसात डोक्यातल्या डोक्यात गंज वाढतो, वरून काही दिसत नाही, आणि एक दिवस मुकुटाच्या (घंटेच्या माथ्यावरच्या, तिला टांगायच्या कड्यांच्या) मुळाशी ताऱ्यासारख्या चिरा उमटतात. म्हणून आधी आतून वर बघा: कडीच्या मुळाभोवती तांबूस ओघळ आहेत का, बारीक रेषा आहेत का. युरोपात अशी पुरलेली कडी पोकळ ड्रिलने काढून टाकतात आणि मुकुटाच्या मधोमध आरपार बोल्ट घालून स्वतंत्र कडी टांगतात. पण ते मूळ वस्तूला कायमचे भोक आहे. चिरा नसतील तर कडी जागेवर ठेवून फक्त कोरडी ठेवणे हा सौम्य मार्ग. तुमच्याकडे घंटा न झुलता उभीच टांगलेली असल्यामुळे दुसरीही सोय आहे: दोरीची ओढ वेगळ्या बाजूने घ्या, लोलक दुसऱ्या जागी लागू द्या. कडी गोल असेल तर तेवढे पुरते.

घाटावरचा:
धन्यवाद. आतून पाहिले, कडीभोवती तांबूस ओघळ आहेत, चिरा दिसत नाहीत. पण खळग्याच्या डाव्या बाजूला, काठापासून वर सुमारे नऊ सेंमी एक केसासारखी रेषा आहे. ओतकामाची की तडा? गावात गॅस वेल्डिंगवाला आहे, तो पितळी सळईने बुजवून देतो म्हणतोय.

कासारआळी:
त्याला हात लावू देऊ नका. आणि रेषा काय आहे ते कळेपर्यंत घंटा वाजवणेही थांबवा. लोलक दोरीने मध्यावर बांधून ठेवा, म्हणजे येणारा-जाणारा हात घालणार नाही.

आधी ओळख. लाकडी हातोडीच्या टोकाला जाड कापड गुंडाळा, काठावर हलकी टिचकी द्या, मोबाइलवर रेकॉर्ड करा. रेषेच्या अलीकडे, पलीकडे, समोरच्या बाजूला, अशा आठ जागी. सलग घंटेचा नाद बराच वेळ रेंगाळतो. त्यात मंद "वाँव-वाँव" अशी लाट आली तर घाबरू नका. घंटा पूर्ण गोल नसल्याने ती येते, जुन्या हाती ओतलेल्या घंटांत तर हमखास. तडा असेल तर आवाज झटकन विझतो आणि त्यात खरखर मिसळते, कारण चिरेच्या दोन्ही कडा एकमेकींवर घासतात. ओतकामाची शिवण असेल तर ती उठावात असते, बोटाला किंचित वर लागते. तडा बोटाला लागतच नाही किंवा खाच लागते. खात्री अल्ट्रासॉनिक तपासणीने होते, धातू तपासणाऱ्या प्रयोगशाळा ती जागेवर येऊन करतात. वर्कशॉपमधली चीर शोधायची केरोसीन-खडूची युक्ती इथे नको, तेल चिरेत उरते आणि पुढे जोडकामात आडवे येते.

गॅस वेल्डिंग का नको: कासे एका जागी तापवले की तेवढाच भाग फुगतो, बाकीचा थंड भाग त्याला आवळून धरतो, आणि थंड होताना टाक्याच्या शेजारी नवा तडा पडतो. पितळी सळईचा टाका वेगळ्या धातूचा, तो नादाला तोडतो. घंटा जोडणारे खरे कारागीर, जसे जर्मनीत न्योर्डलिंगेनला आहेत, आख्खी घंटा भट्टीत सारखी तापवतात, त्याच मिश्रणाच्या सळईने चीर भरतात आणि अगदी सावकाश थंड होऊ देतात. म्हणजे घंटा उतरवून पाठवणे आलेच. खर्चाचा आणि परवानगीचा प्रश्न आहे, पण "जोडता येत नाही" असे नाही.

दुसरा मार्ग न जोडता जगण्याचा. लंडनची बिग बेन १८५९ मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षी तडकली, हातोडा जास्तच जड होता. त्यांनी तडा पुढे सरकू नये म्हणून तिथला तुकडा कापला, घंटा आठवा फेरा फिरवली आणि हलका हातोडा लावला. ती तशीच आजपर्यंत वाजते. उलट उदाहरण फिलाडेल्फियाच्या लिबर्टी बेलचे. तिच्यावर जो रुंद तडा दिसतो तो मूळचा नाही. १८४६ मध्ये कडा घासू नयेत म्हणून त्यांनी बारीक चीर ड्रिलने मुद्दाम रुंद केली. त्याच वर्षी ती वाजवताना तडा वरपर्यंत गेला आणि ती कायमची गप्प झाली. चिरेच्या टोकाला भोक पाडण्याचा सल्ला कोणी दिला तर ही गोष्ट आठवा. चीर डोळ्यांना दिसते त्यापेक्षा पुढे गेलेली असते, भोक तिच्या खऱ्या टोकाला पडले नाही तर फुकट.

जुनी_अक्षरे:
परवानगीचे सांगतो, कारण ट्रस्ट ठराव करून मोकळी होते. शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते. देऊळ केंद्राच्या यादीत असेल तर १९५८ चा कायदा, राज्याच्या यादीत असेल तर महाराष्ट्राचा १९६० चा. घंटा उतरवण्याआधी पुरातत्त्व खात्याला फोटो, मापे आणि तुमच्या रेकॉर्डिंगसह लेखी कळवा, पोच घ्या. धातूच्या सल्ल्याला मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे संवर्धन केंद्र किंवा लखनौची राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण प्रयोगशाळा. "वितळवून त्याच धातूची नवी ओतू" असा ठराव कुणी मांडला तर तो तिथेच थांबवा. धातू परत येईल, अक्षरे येणार नाहीत.

साष्टीवाला:
उतरवायची वेळ आलीच तर. चारशे किलोला एक टनाची चेनपुली घ्या, आणि ती कमानीच्या दगडाला नाही, खाली स्वतंत्र उभ्या केलेल्या लोखंडी तिवईला टांगा. कमानीला आजवर उभा भार सोसायची सवय आहे, आडव्या ओढीची नाही. पट्टे मुकुटाच्या सगळ्या कड्यांतून समान घ्या. एकाच कडीतून उचलले तर ती मोडते, आणि मोडकी कडी हा जुन्या घंटांचा दुसरा नेहमीचा आजार आहे. उचलण्यापूर्वी काठाला गोणपाट आणि दोरी. खाली ठेवताना काठ दगडावर कधीही टेकू नये. तीन लाकडी फळ्या, त्यावर रबरी चटई, तडा असलेला भाग दोन फळ्यांच्या मध्ये अधांतरी.

परत टांगताना लोखंडी तुळईला आधी गंज घासून प्राइमर आणि रंग, मात्र घंटेपासून दूर नेऊन. तुळई आणि मुकुट यांच्यामध्ये नायलॉनची चकती घाला. कासे आणि लोखंड ओले होऊन एकमेकांना टेकले की लोखंड झपाट्याने गंजते. बोल्ट ३१६ स्टेनलेसचे. लोलकाला पूर्वी युरोपात कातडी पट्टा असे. देवळात तो चालणार नाही, तेव्हा दोन पदरी नायलॉनचा पट्टा वापरा आणि दर पावसाळ्याआधी बदला. आणि कमानीच्या वरच्या दगडांचे सांधे चुन्याने भरून घ्या, सिमेंटने नाही. कडीवरचे ते तांबूस ओघळ वरून झिरपणाऱ्या पाण्याचे आहेत. पाणी थांबले नाही तर बाकी सगळे करून दोन पावसाळ्यांत पुन्हा तिथेच याल.